शब्दचर्चा: ‘जनरल एज्युकेशन रिक्वायरमेंट’ मराठीत कसं लिहावं?

मोरपीस
कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांबद्दल (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) मराठी पालकांसाठी दोन पानी माहितीपत्रक तयार होतंय. त्यात एका मथळ्यावर घोडं अडलंय. मसुद्यात ‘सामान्य शिक्षणाच्या अटी’ असं आहे. ते वाचून काहींना वाटलं या प्रवेशाच्या अटी आहेत, काहींना वाटलं ‘सामान्य’ म्हणजे सोपे विषय. दोन्ही अर्थ चुकीचे.

मूळ प्रकार असा. असोसिएट डिग्रीला, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या पदवीला, एकूण ६० सेमिस्टर युनिट लागतात (युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप). मुख्य विषयाची किमान १८. जनरल एज्युकेशनची, म्हणजे मुख्य विषय कुठलाही असो, निरनिराळ्या क्षेत्रांतून घ्यायच्या विषयांची, पूर्वी किमान १८ होती, २०२५ च्या फॉलपासून (ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रापासून) २१. ती सात क्षेत्रांत तीन-तीन अशी वाटलेली: इंग्रजी लेखन, भाषण व चिकित्सक विचार, गणिती संकल्पना, कला व मानव्यविद्या, समाजशास्त्रं, निसर्गविज्ञान आणि एथ्निक स्टडीज. कॉलेजं यावर आपली भर घालू शकतात. उरलेली युनिट ऐच्छिक. तक्त्याच्या एका घरात मावेल, आजीलाही कळेल आणि नातवालाही, असा शब्द हवा आहे.

अनुस्वार
‘सामान्य’ अजिबात सोडू नका. शब्द चुकलेला नाही, आपण त्याचा अर्थ पातळ केलाय. वैशेषिक दर्शनातले सहा पदार्थ आठवा: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. तिथे ‘सामान्य’ म्हणजे अनेकांत समानपणे असलेलं, आणि त्याच्यासमोर ‘विशेष’ उभा आहे. अमेरिकन पदवीत नेमकी हीच जोडी आहे: मेजर म्हणजे विशेष, बाकीचं सामान्य. पुणे विद्यापीठाच्या बी.ए.लाही जनरल आणि स्पेशल पेपर होतेच, जी-२, एस-१, एस-२. ‘माझा स्पेशल इतिहास’ हे वाक्य मराठीत पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलंय. मग ‘सामान्य’ परका कसा?

शिंपले
दर्शनातला अर्थ पालकाच्या कानावर पडत नाही हो. त्याच्या कानावर पडलेलं ‘सामान्य’ म्हणजे सामान्य गणित. दहावीला काही वर्षं बीजगणित-भूमितीऐवजी ते घेता यायचं आणि ज्यांना गणित जमत नाही त्यांच्यासाठीच ते, अशी समजूत घट्ट बसली. ‘सामान्य ज्ञान’ म्हटलं की राजधान्या आणि चलनं. इथे तर कॅल्क्युलस घेतला तरी तो गणिती संकल्पनांच्या क्षेत्रातच जमा होतो. शब्दाचा वास महत्त्वाचा. ‘सामायिक’ घ्या, ‘सामायिक विषय’.

पूर्वकिनारा
‘सामायिक’ने वेगळाच घोळ होईल. सामायिक म्हणजे सगळ्यांना तेच. कॉलेजातल्या सामायिक प्रवेश परीक्षेत प्रश्नपत्रिका एकच असते. इथे एकाच कॉलेजातून एकाच वर्षी बाहेर पडलेल्या दोघांनी या गटात एकही समान विषय घेतलेला नसू शकतो. एकीने कला क्षेत्रात संगीताचा इतिहास घेतला, दुसऱ्याने सिनेमा. एकीने भूगर्भशास्त्र, दुसऱ्याने खगोल. क्षेत्रं ठरलेली आहेत, विषय नाहीत. मला ‘क्षेत्रवार विषय’ बरा वाटतो.

शिवाय माहितीपत्रक फक्त कॅलिफोर्नियाचं आहे हे ठळक लिहा, न्यू जर्सीतल्या एडिसनचे नातेवाईक तेच पान फिरवतील. न्यू जर्सीत ए.ए. (असोसिएट इन आर्ट्स) पदवीला या गटाचे ४५ क्रेडिट (तिथली युनिट) लागतात, ए.एस.ला (असोसिएट इन सायन्स) ३०, आणि थेट नोकरीसाठीच्या ए.ए.एस.ला (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) २०. म्हणजे पदवीचं नाव बदललं की आकडा निम्म्याहून खाली येतो. इलिनॉयमध्ये राज्यभर चालणारा गट ३७ ते ४१ क्रेडिटचा आहे, टेक्ससमध्ये ४२ चा, आणि तिथे त्याला ‘कोअर’ म्हणतात. २१ हा आकडा पाहून कोणी न्यू जर्सीत ए.ए.चं नियोजन केलं तर दोन सत्रं वाढलीच.

दौत
मराठीतल्या एका टकरीकडे कोणाचं लक्ष गेलेलं नाही. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानंतर जो आराखडा आला त्यात ‘जीई’ म्हणजे जेनेरिक इलेक्टिव्ह. ओई (ओपन इलेक्टिव्ह) आणि जीई तिथे एकाच घरात छापलेले असतात. पुण्याहून पहिलं वर्ष करून तिकडे गेलेल्या मुलीच्या गुणपत्रकावर ‘जीई’ आणि तिकडच्या कॉलेजच्या कागदावरही ‘जीई’, पण तिथे तो जनरल एज्युकेशनचा. दोन्ही एकच समजून ‘माझं झालंय’ असं धरलं की फसगत. आपल्याकडचा जीई/ओई स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो, म्हणजे हेतू थोडा जवळचा आहे. पण क्षेत्रनिहाय वाटणी नाही. त्यामुळे मराठी शब्द काहीही ठरो, ‘जीई’ हे लघुरूप पत्रकात उलगडल्याशिवाय वापरू नका.

शिंपले
मग ‘पायाभूत विषय’? मुंबई विद्यापीठात ‘फाउंडेशन कोर्स’ सगळ्यांना माहीत आहे.

मोरपीस
‘पायाभूत’ नको, त्याला ठोस कारण आहे. कम्युनिटी कॉलेजात पदवीच्या पातळीखालचे उजळणीचे विषय असायचे, इंग्रजी आणि गणिताचे, ज्यांची युनिट विद्यापीठात धरली जात नसत. २०१७ चा एबी ७०५ हा कॅलिफोर्नियाचा कायदा आल्यावर चाचणीऐवजी शाळेतल्या गुणांवरून पातळी ठरू लागली आणि बहुतेक मुलं थेट पदवी पातळीच्या वर्गात बसू लागली. ‘पायाभूत’ वाचलं की पालकांना तेच उजळणीचे वर्ग आठवतील. या गटातला एकही विषय त्या पातळीचा नाही.

बाराखडी
तुम्ही सगळे ‘जनरल’वर भांडताय, गोंधळ ‘अटी’ने झालाय. मराठीत अट दारावर असते: वयाची अट, उत्पन्नाची अट, अट पूर्ण केलीत तर आत या. ही गोष्ट बाहेर पडताना तपासतात. ‘पूर्तता’ वापरा. ‘पदवीसाठी पूर्तता: क्षेत्रवार विषय, २१ युनिट.’ आणि कृपया ‘शर्ती’ घुसवू नका, अरबी शब्दाची गरज नाही.

पूर्वकिनारा
‘अरबी म्हणून नको’ हे कारण पटत नाही. ‘अटी व शर्ती’ सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडात आहे, आणि ‘पूर्तता’ कार्यालयातल्या फायलीत. पालक घरात म्हणतात, ‘त्याचे इंग्लिशचे दोन राहिलेत, सायन्सचं झालं.’ खरं तर हेच मराठी. ‘राहिलेले विषय’, ‘झालेले विषय’.

बाराखडी
बोलणं आणि छापणं एक कसं? छापील कागदावर ‘राहिलेले’ म्हटलं की नापास झालेले असा अर्थ निघतो. एटीकेटीत विषय ‘राहतात’ ते तसेच. आई-वडिलांच्या पोटात गोळा येईल.

अनुस्वार
शब्दाचा उगम पाहिल्याशिवाय हा वाद मिटणार नाही. ही कल्पना आपल्याकडे पहिल्यांदा येत नाहीये. हार्वर्डचा जनरल एज्युकेशनवरचा अहवाल १९४५ चा. १९४७ साली ट्रूमन यांच्या आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केलं, आणि त्या अहवालातही जनरल एज्युकेशनवर मोठा भर होता. लगोलग १९४८-४९ मध्ये राधाकृष्णन आयोगाने भारतीय विद्यापीठांसाठी तीच शिफारस केली. एका कल्पनेने चार-पाच वर्षांत समुद्र ओलांडला. त्या काळच्या शिक्षणविषयक मराठीत ‘सर्वसाधारण शिक्षण’ सहज बसतं. ‘सर्वसाधारण सभा’ म्हटल्यावर सभा हलक्या दर्जाची, असं कोणी समजतं का? ‘सामान्य’ला डाग लागला असेल तर ‘सर्वसाधारण’ स्वच्छ आहे.

शिंपले
‘सर्वसाधारण’ चालेल. पण ‘साधारण’ म्हणजे अंदाजे, हाही अर्थ आहेच. ‘साधारण २१ युनिट’ असं कोणी वाचलं तर?

दौत
सातव्या क्षेत्राकडे या, कारण तिथे भाषांतर चुकलं तर विषयच चुकतो. ‘एथ्निक स्टडीज’ला मसुद्यात काय लिहिलंय? ‘वांशिक अभ्यास’ असेल तर बदला. ते वाचून मराठी घरातलं मूल आशियाचा इतिहास किंवा भारतातले धर्म असा विषय निवडतं, आणि तो या क्षेत्रात धरला जात नाही. तो मानव्यविद्या किंवा समाजशास्त्रात जातो. एथ्निक स्टडीजचा विषय अमेरिकेतल्या चार समूहांबद्दल असतो: मूळ अमेरिकी, आफ्रिकी अमेरिकी, आशियाई अमेरिकी आणि लॅटिनो. देश नव्हे, अमेरिकेतला समाज. त्यामुळे ‘अमेरिकेतील वंशसमूह’ असं लिहा, किंवा एथ्निक स्टडीज तसंच देवनागरीत ठेवा.

मोरपीस
‘अमेरिकेतील वंशसमूह’ घेते. ‘युनिट’ला ‘श्रेयांक’ लिहिलंय, तेही पाहून द्या.

बाराखडी
श्रेयांक उत्तम. महाराष्ट्रात आता तोच शासकीय शब्द आहे.

पूर्वकिनारा
श्रेयांकात ‘अंक’ आहे, म्हणून तो गुणांसारखा ऐकू येतो. ‘तीन श्रेयांक मिळाले’ म्हणजे तीन मार्क, असं वाटतं. मोजमापही वेगळं आहे. आपल्याकडे एक श्रेयांक म्हणजे तासिकांचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकांचे ३०. कॅलिफोर्नियात सेमिस्टरचं एक युनिट म्हणजे वर्गातला आणि घरचा अभ्यास मिळून किमान ४८ तास. तीन युनिटचा विषय म्हणजे किमान १४४ तासांचं काम. एकच शब्द दोन्हीकडे वापरला की पालक तास तसेच जुळवतात आणि मग मुलगा चार दिवस कॉलेजला जातो तर बाकी वेळ करतो काय, असं विचारतात. कॅलिफोर्नियाबद्दल लिहिताना ‘युनिट’च ठेवा.

दौत
पत्रकात २१ युनिटांचा साचा दिलाय तो पदवी घेऊन थांबणाऱ्यांचा. चार वर्षांच्या विद्यापीठात जायचं असेल तर जनरल एज्युकेशनचा साचा वेगळा, कॅल-गेटसी. एबी ९२८ कायद्याने आलेला, २०२५ च्या फॉलपासून नव्या मुलांना लागू. त्याआधी यूसीसाठी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आय-गेटसी आणि सीएसयूसाठी (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) वेगळा ३९ युनिटांचा साचा चालायचा. कॅल-गेटसीत अकरा विषय, ३४ युनिट, आणि प्रत्येकात किमान सी श्रेणी. ‘सी वजा’ चालत नाही.

मोडतं ते बहुतेक दोन जागी. इंग्रजीचे विषय एका ओळीत येतात: १ए लेखन, १बी चिकित्सक लेखन, १सी वक्तृत्व. शाळेत असताना देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या एपी परीक्षेने १ए सुटतो. पालकांना वाटतं इंग्रजी संपलं, पण १बी आणि १सी एपीने सुटत नाहीत. आणि १बी ला १ए ची पूर्वअट आहे, त्यामुळे १ए पुढे ढकलला की १बी ही ढकलला जातो.

दुसरी जागा विज्ञान, क्षेत्र ५. भौतिक विज्ञानाचा एक, जीवविज्ञानाचा एक आणि त्यांपैकी एकाची प्रयोगशाळा: ३, ३ आणि १, मिळून ७. मुलं दोन्ही विषय प्रयोगाविना घेतात, सहा युनिट होतात आणि प्रयोगशाळेचं एक युनिट उरतं. ते सुटं घ्यायचं तर त्याच व्याख्यान-विषयाचं हवं. खगोलाचं व्याख्यान आणि भूगर्भाचे प्रयोग अशी जोडी चालत नाही. म्हणून सुरुवातीलाच चार युनिटांचा, प्रयोगासह असलेला विषय घ्यायला सांगा.

शिंपले
तुम्ही ‘पूर्वअट’ लिहिलंत. म्हणजे ‘अट’ चालते तर!

बाराखडी
तिथे चालते, कारण ती वर्गाच्या दारावरची आहे. माझा मुद्दा तोच होता.

पूर्वकिनारा
‘पूर्ण झालं’ हा शब्दप्रयोगही जपून करा. अकरा विषय पूर्ण झाले म्हणजे विद्यापीठाला कळलं, असं नसतं. शेवटच्या कॉलेजकडे कॅल-गेटसीचं प्रमाणन वेगळं मागावं लागतं, आणि आधी ज्या-ज्या कॉलेजांत विषय केले तिथली गुणपत्रकं त्यांच्याकडे पोचलेली लागतात. उन्हाळ्यात शेजारच्या कॉलेजात केलेल्या एका विषयाचं गुणपत्रक राहिलं की प्रमाणन अडतं आणि विद्यापीठ आपल्या स्वतःच्या नियमाने विषय मोजायला लागतं. विषय ज्या वर्षी केला त्या वर्षीच्या यादीत तो होता का, हे ‘असिस्ट’ संकेतस्थळावर पाहता येतं. पत्रकात ‘प्रमाणन मागा’ ही स्वतंत्र ओळ हवी, मथळा कुठलाही असो.

आणि सीएसयूत गेल्यावर वरच्या पातळीचे ९ युनिट याच गटाचे पुन्हा लागतात. ते कम्युनिटी कॉलेजात करता येत नाहीत. ‘सर्वसाधारण शिक्षण संपवून जा’ असं लिहू नका, तिथल्या ४३ पैकी ३४ च संपतात.

अनुस्वार
म्हणजे ‘सर्वसाधारण शिक्षण’ तुम्हीही वापरलंत.

पूर्वकिनारा
अवतरणात वापरलंय. माझं मत अजून ‘क्षेत्रवार विषय’ला.

मोरपीस
एक शंका उरते. क्युपर्टिनोतल्या डी अँझा कॉलेजला क्वार्टर पद्धत आहे (सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं), पदवीला ९० क्वार्टर युनिट. तिथून मुलगी सेमिस्टरच्या कॉलेजात बदलून गेली तर चार क्वार्टर युनिटांचा विषय क्षेत्रात धरतात का?

दौत
धरतात. विषय किमान तीन सेमिस्टर किंवा चार क्वार्टर युनिटांचा असला की क्षेत्र भरतं. तूट एकूण बेरजेत येते, कारण क्वार्टर युनिटला दोन तृतीयांशाने गुणतात. असे नऊ विषय केले तर ३६ क्वार्टर युनिटांचे २४ सेमिस्टर युनिट होतात, २७ नाही. क्षेत्रं सगळी भरलेली आणि ६० ला तीन युनिट कमी, असं शेवटच्या सत्रात कळतं. बदली करतानाच एक ऐच्छिक विषय जास्तीचा धरून ठेवावा.