सिंगल विन खेळताना बहुतेक रेस सोडून द्याव्यात का?

खोगीर (धागाकर्ता):
रेसकार्ड हातात आलं की पहिल्या रेसपासून शेवटच्या रेसपर्यंत प्रत्येकीत एक घोडा धरायचाच, असं बरेच जण करतात आणि मला ते मनापासून खटकतं. सिंगल विनमधे, म्हणजे एकच घोडा पहिला येईल अशी बेट लावताना, आपल्याकडे एक गोष्ट आहे जी बुकीकडे नाही, ती म्हणजे गप्प बसायची मुभा. त्याला प्रत्येक घोड्याचा भाव लावावाच लागतो, आपल्यावर खेळायची सक्ती नाही.

साधा हिशोब बघा. 8 घोडे, समजा सगळे अगदी तोडीस तोड, तर खरा भाव 7 ला 1 हवा (1 लावला आणि जिंकला तर 7 नफा). बुकी देतो 6 ला 1. आठही घोड्यांवर एकेक युनिट लावलं तर 8 जातात आणि जिंकणाऱ्यावर लावलेलं धरून 7 परत येतात. साडेबारा टक्के गेले, आणि असं रेसमागून रेस चालू. टोटमधे (सगळ्यांचे पैसे एका पूलमधे जमा करून जिंकणाऱ्यांत वाटतात ती पद्धत) पण कापणी आहेच, वाटप व्हायच्या आधीच पूलमधून रक्कम काढून घेतात, बऱ्याच ठिकाणी विन पूलमधून 15 ते 20 टक्के. मग जिथे माझा अंदाज आणि समोरचा भाव यात ही कापणी भरून निघेल एवढी तफावत नाही तिथे मी कशाला उतरू?

आणि निवड भावाची करायची, घोड्याची नाही. "हा जिंकेल असं वाटतं" हे बेट लावायचं कारणच नव्हे. फेवरिट, म्हणजे सगळ्यात कमी भावाचा घोडा, साधारण तीनातली एक रेस जिंकतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी डोळे झाकून फेवरिट खेळत राहिलं तर शेवटी तोटाच होतो कारण ते भावात आधीच धरलेलं असतं. म्हणून मेडन रेस (अजून एकही रेस न जिंकलेल्या घोड्यांची), त्यात चार-पाच घोडे पहिल्यांदाच धावणारे, सोडा. पावसाने ट्रॅक बदलला आणि ओल्यावर कुणाचाच फॉर्म नाही, सोडा.

पावसाळी_ट्रॅक:
शेवटच्या दोन वाक्यांना कडक विरोध. जिथे सगळे गोंधळलेत तिथेच भाव चुकतात ना! तुम्ही जी "स्वच्छ" रेस शोधताय, ठरलेलं अंतर, ओळखीचा क्लास (घोड्यांची दर्जानुसार श्रेणी), सगळ्यांचा फॉर्म समोर, तिथे बाकीच्यांनाही तेवढंच दिसतं, मग भाव चुकणार कसा? मी ओल्या ट्रॅकवर मुद्दाम खेळतो.

खोगीर:
@पावसाळी_ट्रॅक भाव चुकलेला असतो हे मान्य, पण कुठल्या बाजूला चुकलाय हे कळायला तुमच्याकडे बाकीच्यांपेक्षा जास्त माहिती हवी. ती असेल तर जरूर खेळा, माझ्याकडे नसते म्हणून मी सोडतो.

दशांश:
मूळ मुद्दाच मला पटत नाही. निवडक खेळल्याने तोटा कमी होतो कारण उलाढाल कमी होते, बस. नफा व्हायला अंदाज बरोबर लागतो आणि तो बरोबर आहे की नाही हे निवडक खेळणाऱ्याला कळतच नाही. उदाहरण देतो. भाव 4 ला 1, म्हणजे 20 टक्क्यांना बरोबरी. तुम्ही म्हणता घोड्याला 25 टक्के चान्स आहे, खरा चान्स असेल 18. असे 50 घोडे निवडले. तुमचं म्हणणं खरं असेल तर 12-13 जिंकतील, नसेल तर 9. आणि 50 मधे नुसत्या योगायोगाने तीनेक इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे, म्हणजे इतक्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तुमच्या चाळणीने 50 बेट्स जमायलाच खूप काळ जाणार. हाँगकाँगमधे बिल बेंटरसारख्या व्यावसायिक बेटिंग करणाऱ्यांनी संगणकाच्या मॉडेलवर जे केलं ते छोटी तफावत खूप रेसेसमधे वापरून केलं, हातावर हात ठेवून बसून नव्हे.

शेवटचा_फर्लांग:
गणित माहीत नाही पण माणसं बघतोय. निवडक खेळणारा दुपारभर थांबतो आणि मग "आजची एकच" म्हणून तिप्पट लावतो. थांबल्याचा मोबदला मिळायलाच हवा असं त्याला वाटायला लागतं. त्यापेक्षा प्रत्येक रेसला थोडं थोडं खेळणारा जास्त टिकतो.

अबलख:
@शेवटचा_फर्लांग तो दोष बेटच्या आकाराचा, निवडीचा नाही. रक्कम आधी ठरवून ठेवायची. दशांशच्याच आकड्यात, भाव 4 ला 1 आणि चान्स खरंच 25 टक्के असला तरी 1956 च्या केलीच्या सूत्राने (किती लावायचं ते ठरवणारं) भांडवलाचा सव्वासहा टक्के भाग निघतो, आणि आपला अंदाज चुकू शकतो म्हणून बरेच लोक त्याच्या अर्धा किंवा पाव घेतात. 25 टक्केवाल्याला शंभर बेट्समधे सलग 10 हुकणारी एखादी रांग येण्याची शक्यता बरीच मोठी आहे, तिप्पट लावणारा त्यातच संपतो. आणि गेले तर चालतील असेच पैसे, हे वेगळं सांगायला नको.

खोगीर:
@दशांश तुमचा आक्षेप वजनदार आहे आणि म्हणूनच मी नुसते जिंकले-हरले मोजत नाही. बेट लावताना माझा अंदाज, घेतलेला भाव आणि रेस सुटतानाचा शेवटचा भाव, तिन्ही वहीत. मी 4 ला 1 घेतला आणि घोडा 3 ला 1 वर सुटला, असं वारंवार होत असेल तर मी बाजाराच्या आधी काहीतरी बघतोय असं म्हणायला जागा आहे, त्यासाठी शेकडो निकाल लागत नाहीत.

दशांश:
हे बुकीकडे ठरलेल्या भावाने घेतलं तर चालेल, तेवढ्यापुरतं मान्य करतो. टोटवर काय करणार? तिथे तुम्ही कधीही लावा, मिळतो तो शेवटचाच भाव. पैशाचा मोठा लोंढा अगदी शेवटी येतो, खिडकीवर 4 ला 1 बघून तिकीट घेतलं आणि घोडे सुटल्यावर बघावं तर अडीच ला 1. म्हणजे ज्या भावावर तुमची अख्खी निवड उभी आहे तो बेट लावताना तुम्हाला माहीतच नसतो.

खोगीर:
टोटवर वहीतली ती तुलना होत नाही, कबूल. तिथे मी शेवटच्या मिनिटापर्यंत थांबतो आणि बोर्डावरचा भाव अजून एक पायरी खाली येईल असं धरूनच बघतो. 4 ला 1 दिसत असेल तर 3 ला 1 लाही परवडेल का? नसेल परवडत तर ती रेस माझ्यासाठी नाही.

पावसाळी_ट्रॅक:
मग टोटवर तुमच्या हाताला वर्षभरात किती रेस लागणार?

खोगीर:
फार थोड्या. मला ते चालतं.