एकाच टेबलाकडे जाणाऱ्या दोन फॉरेन की
फेऱ्यांच्या टेबलातल्या ‘कुठून’ आणि ‘कुठे’ या दोन्ही फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा आयडी ठेवणारे कॉलम) स्थानकांच्या टेबलाकडे जातात, पण एसक्यूएलमध्ये ते टेबल एकदाच जॉइन करून (जोडून) दोन्ही अटी ‘अँड’ने जोडल्या की एकही ओळ येत नाही, असा मूळ प्रश्न आहे. येणारच नाही. एकच स्थानक सुटण्याचंही असावं आणि पोचण्याचंही, असा त्या अटीचा अर्थ होतो. वर कुणीतरी ‘अँड’ऐवजी ‘ऑर’ सुचवलंय, ते कृपया करू नका. पुणे-नाशिक ही एकच फेरी दोन ओळींत येईल, एकदा पुण्याच्या नावाने, एकदा नाशिकच्या, आणि पुढे तिकिटांची बेरीज केलीत तर थेट दुप्पट.

स्थानकांचं टेबल दोनदा जॉइन करा, दर वेळी वेगळा एलियस (टोपणनाव, इथे क आणि ग) देऊन:

जॉइन स्थानके क ऑन क.आयडी = फेऱ्या.कुठून
जॉइन स्थानके ग ऑन ग.आयडी = फेऱ्या.कुठे

सिलेक्टमध्ये क.नाव आणि ग.नाव यांना ‘अ‍ॅज’ने वेगळी नावं द्या, नाहीतर पीएचपीच्या असोसिएटिव्ह अ‍ॅरेत (कॉलमच्या नावाने मूल्य ठेवणाऱ्या यादीत) दुसरं नाव पहिल्याला पुसून टाकतं.

चालकाची तिसरी की रिकामी राहू शकत असेल (फेरी ठरली, चालक अजून नेमायचाय) तर तिथे लेफ्ट जॉइन (जोडी नसली तरी फेरीची ओळ ठेवणारा) हवा. इनर (साधा जॉइन, जोडी असलेल्याच ओळी देणारा) ठेवलात तर ती फेरी यादीतून गुपचूप गायब होते. मला हेच सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण एरर येत नाही. आणि चालकावरची अट ऑनमध्येच लिहा, व्हेअरमध्ये ‘चालक.डेपो = ५’ लिहिलंत की चालक नसलेल्या ओळी गळतात आणि लेफ्ट जॉइनही इनरसारखा वागतो.

इंडेक्सचं (शोध वेगवान करणाऱ्या सूचीचं) म्हणाल तर मायएसक्यूएल डेटाबेसचं इनोडीबी हे साठवणुकीचं इंजिन फॉरेन कीच्या कॉलमवर तो नसल्यास स्वतः बनवतं. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस बनवत नाही, तिथे तिन्ही कॉलमवर आपणच करायचे.