मदत हवी आहे : बी.ई.ची सीट घेऊ की उद्यमबागेतलंच काम चालू ठेवू?

गडाखालचं_यळ्ळूर
नमस्कार. जरा लवकर सांगा, सीटचं काय ते शनिवारच्या आत कळवायचं आहे. कर्नाटकच्या सीईटीतून मेकॅनिकल मिळालंय. घरच्यांचं म्हणणं, घेऊन टाक आणि चार वर्षं काढ. माझं मन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कामात आहे. ते सुटलं तर बसलेला हात जाईल अशी भीती वाटते. पुढे स्वतःचं शॉप टाकायचं, एवढं एकच डोक्यात आहे. त्यासाठी डिग्री लागतेच का? ज्यांनी दोन्ही बघितलंय त्यांनी सांगा. "मनाचं ऐक" असलं काही नको, प्लीज.

फौंड्रीवाला_मच्छे
उद्यमबागेत कसलं काम? तिथं हायड्रॉलिक सिलिंडरपासून गिअर कटिंगपर्यंत सगळं चालतं. टर्निंग, ग्राइंडिंग, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), की ऑफिसात बिलं करतोस? सीट सरकारी कोट्यातली की मॅनेजमेंटची? राऊंड कितवा? एवढं लिहिल्याशिवाय कोण काय सांगणार?

निपाणीकर
बेळगावात राहून डिग्रीचा प्रश्न पडावा? मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर दारात आहे. अग्निवीर जनरल ड्यूटीला दहावीत 45 टक्के पुरतात, वय साडेसतरा पूर्ण हवं. चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम होतात, बाकीचे सेवानिधी घेऊन बाहेर पडतात. त्या पैशात शॉप टाक की. आमच्या गल्लीतली तीन पोरं गेली, शिस्त लागली ती वेगळीच. आजपासून पळायला सुरुवात कर, भावा.

कॅम्पातला
निपाणीकर, त्यानं सैन्याबद्दल विचारलंय कुठं? तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता.

निपाणीकर
लिहिणारच. चार वर्षं घरच्या पैशावर काढण्यापेक्षा चार वर्षं पगार घेतलेला बरा. यात चुकीचं काय ते सांगा.

गडाखालचं_यळ्ळूर
पॅटर्न शॉप आहे, मामांचं. फौंड्रीत वाळूत साचा उठवायला लागणारे पॅटर्न, आणि कास्टिंगच्या आतली पोकळी ठेवणारा वाळूचा कोअर करायचे कोअर बॉक्स. पूर्वी सगळं सागवानात व्हायचं, आता जास्त करून ॲल्युमिनियम आणि रेझिन. ड्रॉइंग आलं की थ्रीडी मॉडेल आणि व्हीएमसीचा प्रोग्रॅम माझ्याकडे असतो. राऊंड पहिला, सरकारी सीट, कॉलेज बेळगावातलंच. सेकंड पीयूसी (बारावी) सायन्स. आता सांगा.

फौंड्रीवाला_मच्छे
हे पहिल्यांदा लिहायचं. आता बोलता येईल.

माझ्याकडे पॅटर्न येतो तेव्हा कुणाची डिग्री मी बघत नाही. मोल्डरला सांगतो, रॅमिंग कर (वाळू ठोकून बसव) आणि पॅटर्न उचल. उभ्या भिंतीला ड्राफ्ट (किंचित उतार) कमी पडला असेल तर पॅटर्नबरोबर कडेची वाळूही वर येते. मग मोल्डर खिळे घालतो, पाणी मारतो, बोटानं कड लिंपतो, आणि तिथंच कास्टिंगला खोट राहते. कोअर प्रिंट (कोअर बसायची खाच) सैल असेल तर कोअर सरकतो आणि एका बाजूची भिंत पातळ निघते. हे ज्याला ड्रॉइंग बघतानाच दिसतं, त्याला मी काम देतो. बी.ई. झालेले किती आले आणि गेले, पॅटर्न हातात कसा धरायचा तेही ठाऊक नाही. सीट सोड, मामांकडेच राहा, हे माझं स्पष्ट मत.

आणि एक विचारतो, सी.आय.ला (ग्रे कास्ट आयर्नला) श्रिंकेज, म्हणजे थंड होताना आकसणं, किती धरतोस?

पॉलिटेक्निकची_बाई
फौंड्रीवाले, तुमच्याकडे काम मिळणं म्हणजे अख्खं आयुष्य नव्हे. उद्या त्याला पुण्यात किंवा बेंगळुरूत मोठ्या कंपनीत जावंसं वाटलं तर अर्जाच्या पहिल्या चाळणीतच अडकेल. मी निवृत्त लेक्चरर आहे, अशी हुशार मुलं अडकलेली बघितली आहेत.

बाळ, मधला रस्ता सांगते. पीयूसी सायन्सवाल्यांना डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. दोन वर्षांत डिप्लोमा होतो. नंतर वाटलंच तर डीसीईटी (डिप्लोमावाल्यांची सीईटी) देऊन बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला बसता येतं. दार बंद होत नाही, आणि डिप्लोमात वर्कशॉप जास्त असतं. जीटीटीसीचा (सरकारी टूल रूम ट्रेनिंग सेंटर) टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमाही बघ. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष कारखान्यात. काम पक्कं शिकवतात.

व्हीटीयू_पासआउट
बाई, हिशेब करा. डिप्लोमाची दोन आणि पुढे बी.ई.ची तीन, पाच वर्षं झाली. हातात चार वर्षांची सरकारी सीट असताना हा वळसा कशाला? आणि जीटीटीसी दहावीनंतरचं, त्यात पीयूसीची दोन वर्षं वाया.

माझा अनुभव सांगतो. मेकॅनिकलच्या चार वर्षांत कास्टिंग एका विषयातल्या एका भागात उरकतं. पॅटर्नवर दोन-चार पानं, परीक्षेला एक प्रश्न. त्यामुळे पॅटर्न शिकायला कॉलेजात जात असशील तर जाऊ नकोस. पण मेटलर्जी, हीट ट्रान्सफर, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स हे शॉपवर कुणी शिकवत नाही. जाड भाग आधी की पातळ भाग आधी गोठतो, रायझर (गोठताना कमी पडणारा धातू पुरवणारा भाग) कुठं द्यायचा, जाड-पातळ सांध्याला भेग का पडते, हे मला त्यातून कळलं. नुसता पॅटर्न करून देणाऱ्याला रेट मिळतो. गेटिंग (धातू आत जायच्या वाटा) आणि रायझरसकट मेथडिंग (ओतकामाची आखणी) करून देणाऱ्याला गिऱ्हाईक घरी शोधत येतं.

फौंड्रीवाला_मच्छे
मेथडिंग मी चाळीस वर्षं डिग्रीशिवाय करतोय.

व्हीटीयू_पासआउट
करताय, मान्य. पण ते शिकताना किती हीट (भट्टीचे ओत) भंगारात गेल्या तेही सांगा की. तेवढी कास्टिंग फुकट घालवायची ऐपत नवीन शॉपवाल्याकडे नसते.

सीमाभाग_865
सगळे एक गोष्ट विसरताय. आपल्या वादग्रस्त 865 गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची सोय आहे. रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. कोल्हापूर-सांगलीला शिकावं, चार लोकांच्या ओळखी होतात. इथं राहून सगळे फलक कानडीत वाचायचे आणि सरकारी नोकरीला कानडीची परीक्षा द्यायची, कशासाठी? आमच्या वेळी बेळगावची कॉलेजं धारवाडच्या विद्यापीठाखाली होती, साध्या मार्कलिस्टसाठी तिकडे खेटे घालावे लागायचे. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 साली झालं, तरी मराठी पोरांचे हाल आहेत तसेच आहेत.

कॅम्पातला
त्याला एमएचटी-सीईटी (महाराष्ट्राची सीईटी) द्यावी लागते. दिली नसेल तर या वर्षी उपयोग नाही. आणि बी.ई.चा राणी चन्नम्माशी काय संबंध? ते व्हीटीयूकडे (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ), आणि व्हीटीयूचं मुख्यालय 1998 पासून बेळगावातच आहे.

सीमाभाग_865
संबंध मराठी माध्यमाचा आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकून एकदम इंग्रजीत पडलेल्या पोराला विचारा.

गडाखालचं_यळ्ळूर
माझी दहावी मराठीतच झाली. पीयूसीचं पहिलं वर्ष जड गेलं, नंतर जमलं. पण कृपया त्या विषयावर जाऊ नका, शनिवार जवळ येतोय. एमएचटी-सीईटी दिलेली नाही.

फौंड्रीवाले काका, ग्रे आयर्नला मीटरला दहा मिलिमीटर धरते. स्टीलला जवळपास दुप्पट. मशीनिंगचा अलाउन्स वेगळा. कास्टिंगला रिब किंवा कोअर अडवत असेल तर तेवढं आकसत नाही, म्हणून मोठ्या कामाला आधी एक सॅम्पल ओतून मोजून घ्या असं सांगते.

मुलगी आहे. वर सगळ्यांनी मुलगा समजून लिहिलंय, त्यानं तुमचं उत्तर बदलत असेल तर तेही सांगा. आणखी एक, मामांना मुलगा आहे. शॉप पुढे त्याचंच होणार, त्यात वाद नाही. म्हणून स्वतःचं म्हणते.

फौंड्रीवाला_मच्छे
उत्तर बरोबर. अडवणुकीचं सांगितलंस म्हणजे काम केलंयस. मुलगी असल्यानं माझ्या बाजूनं काही बदलत नाही. पण शॉप मामांच्या मुलाचं होणार, यानं बदलतं. "मामांकडेच राहा" हे मी शॉप तुझं होणार असं धरून लिहिलं होतं.

पॉलिटेक्निकची_बाई
माझ्याकडून मात्र बदलतं, आणि ते तुझ्या भल्यासाठी सांगते. मामांच्या नावानं तुला आज मान आहे. उद्या एकटी ड्रॉइंग घेऊन नवीन गिऱ्हाइकाच्या केबिनमध्ये गेलीस तर समोरचा पहिलं विचारेल, शिक्षण काय? मुलाला हा प्रश्न तिसऱ्या भेटीत विचारतात. चूक आहे, पण मी हे वर्षानुवर्षं बघितलंय. मुलीच्या हातात कागद असावा.

संसारी_अनगोळ
बाई बरोबर बोलल्या. शिवाय बी.ई. असली की स्थळंही चांगली येतात.

पॉलिटेक्निकची_बाई
मी स्थळांबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. माझ्या वाक्याला ते जोडू नका.

बँकेतला_खानापूर
शॉप टाकायचं तर पैशाचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. केंद्राच्या पीएमईजीपी या स्वयंरोजगाराच्या कर्ज-अनुदान योजनेत उत्पादनाच्या नवीन युनिटला 2022 पासून 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. वय अठरा पूर्ण हवं. दहा लाखांवरच्या प्रकल्पाला शिक्षणाची अट आठवी पासची आहे, डिग्रीची नाही. महिलांना स्वतःचा वाटा 5 टक्के घालावा लागतो. अनुदान शहरात 25 टक्के, ग्रामीण भागात 35. यळ्ळूर पंचायतीच्या हद्दीत शॉप टाकलंस तर ग्रामीण दर मिळायला हवा, हद्दीचा दाखला आधी काढून बघ. अनुदान लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. आधीपासून चालू असलेल्या युनिटला ही योजना नाही, म्हणजे मामांच्या शॉपला जोडून करू नकोस.

पण मंजुरीच्या टेबलावर आम्ही वेगळंच बघतो. मशीनचं कोटेशन, काम कोण देणार याचं पत्र, आणि अर्जदारानं हे काम केलंय याचा पुरावा. आज तुझ्या नावानं काय आहे? मामा पगार देतात का? रोख की खात्यात? मामांच्या लेटरहेडवर कामाचा दाखला आहे का? काहीच नसेल तर बँकेच्या लेखी तू नुसती पीयूसी पास मुलगी आहेस, कितीही पॅटर्न केलेले असोत.

गडाखालचं_यळ्ळूर
मामा सणाला देतात, लागेल तेव्हा देतात. पगार असा नाही. घरचंच काम म्हणून कधी विचारलंही नाही. माझ्या नावाचा कागद एकही नाही. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

फौंड्रीवाला_मच्छे
मग या महिन्यापासून खात्यात घे, थोडे का असेना. मामांशी नीट बोल, भांडू नकोस. भाचीचं नुकसान कुठला मामा करेल? आणि तुझ्या मॉडेलच्या फाइली पेन ड्राइव्हवर तारखेसकट ठेव. मामांच्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंग मात्र बाहेर काढायची नाहीत, त्यात नाव जाईल.

व्हीटीयू_पासआउट
सीटचं काय करतेस? माझं म्हणणं, पहिल्या राऊंडला चॉइस वन (सीट पक्की) किंवा टू (सीट ठेवून पुढच्या राऊंडला बसणं) दे. चॉइस फोर दिलास तर प्रक्रियेतूनच बाहेर पडशील, मग पुढच्या वर्षी परत सीईटी.

गडाखालचं_यळ्ळूर
कॉलेज आणि मामांचं शॉप चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आता खरा प्रश्न विचारते. बी.ई. करताना कुणी संध्याकाळी शॉपवर काम केलंय का? व्हीटीयूला 85 टक्के हजेरी लागते म्हणतात. पहिल्या वर्षी लॅब किती वाजता सुटतात? सेकंड शिफ्टला व्हीएमसी मोकळं असतं, तेवढं मिळालं तर हात सुटणार नाही.

व्हीटीयू_पासआउट
लॅब असेल त्या दिवशी साडेचार-पाच होतात. रोजचं जमणार नाही. पहिल्या सेमला फक्त शनिवार-रविवार धर. इंटर्नल परीक्षेच्या आठवड्यात शॉपवर फिरकायचंच नाही असं मामांना आधी सांगून ठेव, नाहीतर ऐन वेळी डिलिव्हरी आली की तुलाच बोलावतील.

पॉलिटेक्निकची_बाई
आणि मॅथ्स मागे ठेवू नकोस. मराठी माध्यमाची मुलं पहिल्या सेमला तिथंच अडतात, विषय येत नाही म्हणून नव्हे, वर्गात विचारायला लाजतात म्हणून. तू विचार.

हलग्याचा_दादा
इथंच विचारतो. माझ्या भावाचं आयटीआय फिटर झालंय. त्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट मिळेल का? त्याला पीयूसी नाही.

पॉलिटेक्निकची_बाई
दोन वर्षांचा ट्रेड असेल तर मिळतं. वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर सांगते. इथं या मुलीचं होऊ दे.

गडाखालचं_यळ्ळूर
आज रात्री मामांकडे जाते. खात्यात पगार आणि शनिवार-रविवार मशीन, दोन्ही विचारते. ते काय म्हणतात यावर चॉइस भरेन. बँकेतले दादा, दाखल्यात नेमकं काय काय लिहून घ्यायचं ते सांगाल का? मामा लिहायला कंटाळा करतात, मीच टाइप करून नेते.

बँकेतला_खानापूर
कधीपासून काम करतेस ती तारीख, कुठल्या मशीनवर, कुठलं सॉफ्टवेअर, कसले पॅटर्न. खाली शॉपचा जीएसटी नंबर आणि शिक्का. "भाची" असं कुठंही लिहू नकोस.