मदत हवी आहे : पक्षांतरबंदीवरचं १५ गुणांचं उत्तर बातमीसारखं होतंय

सुटंपान : बीए दुसरं वर्ष, राज्यशास्त्र, मराठी माध्यम. पेपर ६० गुणांचा, वेळ दोन तास. राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट (म्हणजे पक्षांतरबंदी कायदा) आलं की शिवसेनेच्या फुटीचा घटनाक्रम लिहिण्यातच पानं संपतात. सरांचा शेरा : ‘यात कायदा कुठे आहे?’ शिवाय ‘दोन तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रता नाही’ हे वाक्य खोडलंय. ते का चुकलं?

तळटीप : खोडलं ते बरोबरच. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीत दोन वेगळ्या सवलती होत्या : परिच्छेद ३ मध्ये फूट (एक तृतीयांश) आणि ४ मध्ये दुसऱ्या पक्षात विलीनीकरण (दोन तृतीयांश). २००३ च्या ९१व्या दुरुस्तीनं परिच्छेद ३ काढूनच टाकला. त्यामुळे कितीही आमदार असोत, आता फूट हा बचाव नाही. विलीनीकरण दाखवावं लागतं. गोव्याचं उदाहरण द्या. २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. नऊ असते तर गणित बसलं नसतं.

कलमदान : एका प्रश्नाला अर्धा तास मिळतो, त्यातली पाच मिनिटं कच्च्या मुद्द्यांना द्या. सुरुवात कलम १०२(२) (खासदारांची अपात्रता) आणि १९१(२) (आमदारांची) पासून. मग अपात्रतेची दोन मुख्य कारणं : स्वेच्छेनं पक्षसदस्यत्व सोडणं, आणि व्हिप (मतदानाबाबत पक्षाचा आदेश) मोडून मतदान करणं किंवा गैरहजर राहणं. दुसऱ्यात पक्षानं १५ दिवसांत माफ केलं तर अपात्रता नाही. ही अट बहुतेक जण विसरतात. यापुढे निकाल, प्रत्येकी दोनच ओळी. किहोटो होलोहान (१९९२) : अपात्रतेवर सभागृहाच्या अध्यक्षांनी दिलेल्या निर्णयाचं न्यायालयीन पुनर्विलोकन होऊ शकतं. रवी नाईक (१९९४) : राजीनामा दिला नाही तरी वर्तनावरून पक्ष सोडल्याचं ठरवता येतं. सुभाष देसाई (२०२३) : प्रतोद (व्हिप बजावणारा) आणि गटनेता राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष (सभागृहातला आमदारांचा गट) नाही. तुमची शिवसेना इथे येते. गुवाहाटीचं हॉटेल वगळा, त्याला गुण नाहीत.

सुटंपान : आणि ‘चिकित्सक मूल्यमापन करा’ असं विचारलं तर?

तळटीप : मग निकाल थोडे आटोपते घ्या आणि दोन दोषांवर भर द्या. अध्यक्ष स्वतः पक्षाचे असतात आणि निर्णयाला परिशिष्टात मुदत नाही; म्हणून २०२० च्या मणिपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं साधारण तीन महिन्यांची अपेक्षा सांगितली. दुसरा, व्हिप कुठल्याही मतदानाला लावता येतो, त्यामुळे साध्या विधेयकावरही आमदाराला वेगळं मत देता येत नाही. दिनेश गोस्वामी समितीनं (१९९०) व्हिप मोडल्याची अपात्रता विश्वासदर्शक ठरावासारख्या मतदानापुरती ठेवायला सांगितलं होतं. ही शिफारस दुसऱ्या दोषाखालीच लिहा, शेवटी सुटी टाकू नका.