आजोबांच्या ग्रामोफोन तबकड्या कमी-जास्त वेळ वाजतात. गती आणि सुई कोणती ठेवावी?

लष्करवासी : ग्वाल्हेरला लष्करमधल्या आमच्या वाड्याच्या माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत अकरा तबकड्या सापडल्या. सगळ्या मायक्रोफोन येण्यापूर्वीच्या, म्हणजे कर्ण्यासमोर गाऊन भरलेल्या आहेत. त्यांतला एक ख्याल मिनिटाला 78 फेऱ्यांच्या गतीवर 2 मिनिटे 59 सेकंदांत संपतो, साथीची पेटी काळी दोनच्या सुराच्या आसपास लागते आणि बुवांचा आवाज पोरसवदा वाटतो. दुसरीच्या खाचा निम्म्यातच थांबतात आणि पुढे कोरी पट्टी आहे. तिसरी पाथे या फ्रेंच कंपनीची असून तिच्यावर नुसती खरखर ऐकू येते. या संगणकावर उतरवून घ्यायच्या आहेत, तरी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी पेटी : सर्वप्रथम पाथेवरची पोलादी सुई काढा, कारण त्या तबकड्यांत नाद खाचेच्या तळाशी, वरखाली कोरलेला असतो, त्यांना गोल टोकाचा नीलमणी लागतो आणि पोलाद त्यांची खाच खरवडून काढते. सुरुवातीच्या पाथे मधून बाहेरच्या दिशेने, तेही 90 ते 100 फेऱ्यांवर वाजतात. स्टिरिओ कार्ट्रिज (सुईचा नाद डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांत देणारा भाग) असेल तर एका वाहिनीच्या तारा उलट जोडून दोन्ही वाहिन्या एकत्र कराव्यात.

निम्म्यावर थांबणारी तबकडी सदोष नव्हे. दोन खाचांमधले अंतर यंत्राने ठरलेले असे आणि चीज लवकर आटोपली की उरलेली जागा कोरी राही. एडिसनने 1908 मध्ये तबकडीऐवजी वापरायच्या तेवढ्याच मेणाच्या नळकांड्यावर इंचात 100 ऐवजी 200 खाचा बसवून दोन मिनिटांची चार केली, यावरून लांबीचा हिशेब लक्षात यावा.

आपल्या ख्यालाचे मात्र मिनिटांवर जाऊ नका, फेरे मोजा. लेबलावर कागदाचा कपटा ठेवून (डिंक नको!) मोबाइलवर चित्रीकरण करा, कारण गती कितीही असली तरी फेरे तेवढेच राहतात आणि त्यांना गतीने भागले की मिनिटे मिळतात. त्या काळी 78 हा सर्वमान्य आकडा नव्हता. 70 वर भरलेली तबकडी 78 वर लावल्यास सूर जवळजवळ एक स्वर चढतो.

बाड्यावरचा : पेटीवर सर्वस्वी विसंबू नये, तीही उतरलेली असू शकते. गायिका गौहर जान यांच्याप्रमाणे त्या काळचे अनेक कलावंत शेवटी स्वतःचे नाव सांगत, कारण कोलकात्यात 1908 मध्ये कारखाना निघेपर्यंत तबकड्यांची छपाई जर्मनीत हॅनोव्हरला होत असे आणि तिथल्या लोकांना गाणारा कोण ते कळावे लागे. ते बोलणे माणसासारखे वाटेल ती गती खरी, असे माझे मत आहे. आणि धुताना स्पिरिट अजिबात वापरू नका, या तबकड्यांतली लाख विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ ब्रश पुरतो.

लष्करवासी : फेरे 233 भरले. आमच्या टर्नटेबलला 70 ची गती नसल्याने 78 वर उतरवून संगणकावर सुरासकट मंद केले, तेव्हा ख्याल 3 मिनिटे 20 सेकंदांचा झाला आणि पेटी काळी एकवर आली. शेवटी बुवा घाईघाईने नाव सांगतात, हे आजवर कळलेच नव्हते. आडनाव स्पष्ट लागले. नाव अजून कर्ण्यातच अडकले आहे.