प्रतिसाद: पलीकडे जाते ती फक्त वाफ

वर विचारलंय, खारं पाणी गोडं करायला आरओ (दाबाने पाणी पडद्यातून गाळणं) असताना मेम्ब्रेन डिस्टिलेशन (पाणी तापवून त्याची वाफ पडद्यातून पलीकडे नेणं) कशाला? आरओमध्ये क्षार वाढले की दाबही वाढवावा लागतो. मेम्ब्रेन डिस्टिलेशनमध्ये पाणी ६०-७० अंशांपर्यंत तापवलं की पुरे. टेफ्लॉनसारख्या न भिजणाऱ्या पडद्याच्या छिद्रांतून फक्त वाफ पलीकडे जाते. त्यामुळे आरओने टाकून दिलेलं खारं पाणीही चालतं.

खरी अडचण पडदा भिजण्याची. साबण किंवा तेल आलं की छिद्रांत पाणी शिरतं आणि त्यासोबत क्षारही. सिलिकाचे नॅनोकण पडद्यावर बसवतात ते मुख्यतः हे भिजणं टाळण्यासाठीच.

उष्णता मात्र भरपूर लागते, त्यासाठी वीज जाळणं मला पटत नाही. आपल्या नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमध्ये बॉयलर, कॉम्प्रेसरची उष्णता हवेत सोडली जाते. आधी तिथे करून बघायला हवं, असं मनापासून वाटतं.