निवारागृहाला मदत म्हणजे जुन्या साड्यांचं गाठोडं?

शेवंती: घरगुती हिंसेतून बाहेर पडलेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मदत करायची म्हटलं की लोक माळ्यावरचे कपडे काढतात. पैसे दिलेच तर वर अट, ‘पगारावर खर्च करू नका’. अहो, तिथलं कामच माणसांचं आहे! रात्री दोनला फोन उचलणारी, पोलीस ठाण्यात शेजारी बसून तक्रार नीट उतरवली जातेय ना हे बघणारी, तारखेला सोबत जाणारी. तिचा पगार थकला की ती दुसरी नोकरी धरते आणि निवारागृहाच्या दाराला कुलूप लागतं. माझं म्हणणं, मदत नियमित आणि बिनअटीची हवी.

रोखठोक: मुळात बाईनं घर का सोडायचं? मारतो त्यानं सोडावं. ऑस्ट्रियात १९९७ पासून पोलीस मारणाऱ्यालाच घराबाहेर काढू शकतात. आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात कलम १९ आहेच, न्यायालय त्याला घर सोडायला लावू शकतं. निवारागृहं वाढवणं म्हणजे तिनंच बाहेर पडायचं हे मान्य करणं.

शेवंती: तत्त्व शंभर टक्के मान्य. पण कलम १९ पूर्ण वाचा. घराबाहेर काढण्याचा आदेश बाईविरुद्ध देता येत नाही. छळ सासू-नणंदेकडून असेल तर काय करणार? शिवाय अर्जानंतर पहिली तारीख साधारणपणे ३ दिवसांत ठेवायची, असं कायदा म्हणतो. वेळेत लागली असं धरलं तरी मधल्या रात्री तिनं कुठे काढायच्या? ऑस्ट्रियाचंही अर्धंच सांगितलंत. तिथे पोलीस त्याला बाहेर काढतात आणि मदत केंद्राला कळवतात, मग केंद्र आपणहून त्या बाईशी संपर्क साधतं. म्हणजे तिथेही पगारी माणूस लागतोच.

मध्यममार्गी: दोघांना समोरासमोर बसवून समजूत घातली तर निम्मी प्रकरणं मिटतील. संस्था घरं मोडतात असं लोक उगाच म्हणत नाहीत.

कंदील: निम्मी हा आकडा कुठून आणलात? ज्याची दहशत आहे तो शेजारी बसलेला असताना ती काय बोलणार? आणि बोलली तर घरी गेल्यावर काय होईल? मी अशा ठिकाणी काम केलंय. पहिल्या भेटीत घटस्फोटाचा विषयही निघत नाही. कागदपत्रांची एक प्रत कोणाकडे ठेवता येईल, मुलांना शाळेतून परस्पर कोण आणेल, हे बोलणं होतं. फोनवरचं लोकेशन एकदम बंद करू नको हेही सांगावं लागतं, कारण बंद दिसलं की तो सावध होतो. घर सोडायचा दिवस आणि त्यानंतरचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. हे ओळखायला सरावलेलं माणूस हवं, हौशी स्वयंसेवक पुरत नाही.

वाटसरू: पुरुषांवरही अत्याचार होतात, त्याचं काय?

कंदील: होतात. त्यांच्यासाठीही सेवा हवी, जरूर उभी करा. त्यासाठी ही बंद पाडायची गरज नाही.

रोखठोक: ठीक, पगाराचं पटलं. बिनअटीचं नाही पटत. लोकांचा पैसा आहे, किती बायका सावरल्या हे विचारणारच. फोटो, अनुभव काहीतरी दाखवा की.

शेवंती: फोटो? पत्ता गुप्त ठेवायचा म्हणून जिथे पाटी लावत नाहीत, तिथला? हिशेब मागा ना, लेखापरीक्षण मागा. किती फोन आले, किती जणींना जागेअभावी परत पाठवावं लागलं हे नावांशिवाय सांगता येतं. खटकतो तो तुमचा ‘सावरल्या’ शब्द. अनेक जणी एकदा बाहेर पडून परत जातात, पुन्हा येतात. परत गेलेलीला अपयशात धरलंत तर संस्था आकडा राखायला तिला दुसऱ्यांदा दारातच थांबवेल.

रोखठोक: मग परत गेलेल्यांचा आकडाही द्या, अपयश म्हणून नको, पण लपवूही नका.

शेवंती: चालेल. हे देणगीच्या कागदावर लिहून द्यायला तुम्ही तयार आहात का?